व्यासपीठ ते व्यवसाय : वंचित समूहांसाठीच्या कलाउपक्रमांची चिकित्सा
(विशेष संदर्भ : वर्सोवा)

प्रास्ताविक

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील वर्सोवा हे नाव दोन अर्थांनी घेतले जाते. कोळी समाजाच्या लेखी ते वेसावे आहे. खाडीच्या तोंडाशी वसलेले, मासेमारीवर जगणारे जुने गाव. अभिनय, लेखन वा दिग्दर्शन करण्याची उमेद घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या तरुणांच्या लेखी मात्र वर्सोवा म्हणजे आरामनगर, यारी रोड आणि सात बंगला. आरामनगरच्या बैठ्या घरांतून कास्टिंग डायरेक्टरांची कार्यालये आहेत, तालमीच्या खोल्या आहेत, छोटी नाट्यगृहे आहेत. हिंदी चित्रपट, मालिका, जाहिराती आणि अलीकडच्या वेबमालिका यांत काम मिळविण्यासाठी ज्या दारांवर जावे लागते त्यांतील बरीच दारे या परिसरात आहेत.

या दारांपर्यंत वंचित समूहांतील तरुणांना पोहोचविण्यासाठी गेल्या काही दशकांत स्वयंसेवी संस्था, नाट्यकर्मी, महाविद्यालये आणि शासन यांनी अनेक उपक्रम हाती घेतले. वस्तीतील मुलांची नाट्यशिबिरे, छायाचित्रणाच्या कार्यशाळा, लघुपटनिर्मितीचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम ही त्यांची परिचित रूपे आहेत. अशा उपक्रमांचे कौतुक होते, अहवाल छापले जातात, समारोपाच्या दिवशी पाहुणे भारावून बोलतात. त्यांची चिकित्सा मात्र क्वचित होते. हेतू चांगला असला की परिणामाविषयी प्रश्न विचारणे अप्रशस्त मानण्याची आपली प्रवृत्ती त्यास कारणीभूत असावी.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या उपक्रमांपैकी बहुतेकांचे लक्ष पहिल्या संधीवर केंद्रित झालेले आहे; परंतु कलाव्यवसायातून वंचितांना वगळणारी यंत्रणा पहिल्या संधीनंतर, म्हणजे दुसऱ्या कामाच्या शोधात, खऱ्या अर्थाने कार्यरत होते. त्यामुळे व्यासपीठ मिळवून देणारा उपक्रम यशस्वी ठरतो आणि त्या व्यासपीठावरून उतरलेला कलावंत तरीही व्यवसायाबाहेरच राहतो. ही विसंगती काही ज्ञात उदाहरणांच्या आधारे तपासणे हा येथे उद्देश आहे.

संज्ञेचा विचार

'सर्जनशील उद्योग' ही संज्ञा धोरणाच्या भाषेत रूढ झाली ती प्रामुख्याने ब्रिटिश शासनाच्या १९९८ च्या पाहणीपासून. ज्या उद्योगांचे मूळ व्यक्तीच्या सर्जनशीलतेत, कौशल्यात व प्रतिभेत आहे आणि ज्यांच्यात बौद्धिक संपदेच्या द्वारे संपत्ती व रोजगार निर्माण करण्याची क्षमता आहे, ते सर्जनशील उद्योग, असा त्या व्याख्येचा आशय होता. या व्याख्येची दोन अंगे ध्यानात घेण्यासारखी आहेत. पहिले अंग प्रतिभेचे, दुसरे मालकीचे. प्रतिभा ही कच्ची सामग्री असून तिचे उत्पन्नात रूपांतर होते ते हक्क, करार आणि स्वामित्वधन यांच्या मार्गाने.

आपल्याकडील उपक्रमांनी या व्याख्येचे पहिले अंग मनापासून स्वीकारले. वस्तीत प्रतिभा आहे, तिला वाव मिळाला पाहिजे, हे विधान आता सर्वमान्य आहे. दुसऱ्या अंगाकडे मात्र दुर्लक्ष झाले. अभिनय शिकविणाऱ्या शिबिरात करारपत्र कसे वाचावे हे शिकविले जात नाही. गाणे बसवून घेणारा मार्गदर्शक त्या गाण्याचा हक्क कोणाकडे राहील याची चर्चा करीत नाही. परिणामी ज्याच्याकडे प्रतिभेखेरीज दुसरे भांडवल नाही, तो त्या भांडवलाचा व्यवहार करण्यास असमर्थ राहतो.

पूर्वपीठिका : लाल बावटा ते 'सलाम बॉम्बे'

वंचितांच्या हाती कलामाध्यम देण्याचा विचार मुंबईला नवा नाही. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावहून मुंबईत आलेले, औपचारिक शिक्षण जवळजवळ न लाभलेले अण्णा भाऊ कामगार चळवळीत लिहिते झाले. तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन त्यांनी तो गिरणी कामगारांसमोर मांडला. आजच्या परिभाषेत ज्याला समुदायाधारित कलाउपक्रम म्हटले जाते त्याचे हे पूर्वरूप होते आणि अनेक बाबतींत आजच्या उपक्रमांपेक्षा ते पुढे गेलेले होते. येथे शिकणारा आणि शिकविणारा एकाच वर्गातले होते, आणि लेखणी बाहेरच्या मार्गदर्शकाच्या हाती नव्हती.

तथापि व्यवसायाच्या कसोटीवर या परंपरेची मर्यादा अण्णा भाऊंच्याच चरित्रातून दिसते. त्यांच्या साहित्यावर 'वैजयंता' (१९६१) आणि 'फकिरा' (१९६३) हे चित्रपट निघाले. 'फकिरा' कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. असे असूनही त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ घाटकोपरच्या चिरागनगरमधील झोपडीत गेला आणि १८ जुलै १९६९ रोजी विपन्नावस्थेतच त्यांचे निधन झाले. कीर्ती, मान्यता, चित्रपटसृष्टीशी संबंध हे सर्व असूनही स्थिर उत्पन्न नव्हते. चिरागनगर ज्या घाटकोपरात आहे ते घाटकोपर आणि वर्सोवा ही आज एकाच मेट्रो मार्गाची दोन टोके आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेला हा मार्ग ११.४ किलोमीटरांचा आहे. वस्ती आणि चित्रपटव्यवसाय यांतील प्रवासाचे अंतर असे कमी झाले. व्यवसायातील अंतर कमी झाले काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दुसरे उदाहरण मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) या चित्रपटाचे. मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांना निवडून बॅरी जॉन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची कार्यशाळा घेण्यात आली आणि त्यांतूनच चित्रपटातील बालकलावंत पुढे आले. चित्रपटानंतर अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी सलाम बालक ट्रस्ट स्थापन झाला, ही त्याची अत्यंत मोलाची निष्पत्ती होय. चित्रपटातील प्रमुख बालकलावंत शफीक सय्यद यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर गौतम घोष यांच्या 'पतंग' या चित्रपटात त्यांनी काम केले आणि पुढे ते बंगळूरला परतून ऑटोरिक्षा चालवू लागले, हे सर्वश्रुत आहे.

या घटनेकडे केवळ करुण कथा म्हणून पाहणे सोपे आहे. रिक्षा चालविणे हा प्रतिष्ठेचा व्यवसाय नाही असे सुचविण्याचेही कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, कार्यशाळा उत्तम होती, निवड अचूक होती, अभिनयाला देशातील सर्वोच्च मान्यता मिळाली. म्हणजे पहिल्या संधीच्या सर्व अटी पूर्ण झाल्या होत्या. तरीही व्यवसाय उभा राहिला नाही. ज्या मुलाला त्याच्या जगण्यासाठी निवडले गेले, त्या जगण्याबाहेरची भूमिका त्याला देण्याची रचना व्यवसायाजवळ नव्हती.

'वंचितांचा रंगमंच' : सामर्थ्य आणि सीमा

मराठी रंगभूमीच्या संदर्भात या विषयावरील सर्वांत विचारपूर्वक प्रयोग म्हणून ठाण्यातील 'वंचितांचा रंगमंच' या चळवळीचा उल्लेख करावा लागेल. १९६२ पासून बालनाट्याच्या क्षेत्रात कार्य केलेले रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्याने २०१४ मध्ये हा उपक्रम सुरू केला. ठाण्याच्या वस्त्यांतील मुलामुलींनी आपले अनुभव स्वतः नाट्यरूपात मांडावेत, रंगकर्मींनी त्यांना साहाय्य करावे आणि हे सादरीकरण 'नाट्यजल्लोष'च्या रूपाने नागरिकांसमोर यावे, असे त्याचे स्वरूप. मे २०२० मध्ये मतकरी यांचे निधन झाल्यानंतरही हे कार्य सहकाऱ्यांनी पुढे नेले.

या उपक्रमाचे वैशिष्ट्य असे की, येथे तयार संहिता मुलांच्या हाती दिली जात नाही. विषय त्यांचा, भाषा त्यांची, मांडणीही शक्यतो त्यांची. खर्चिक नेपथ्याचे ओझे नाही. घरातील व्यसनाधीनता, शाळा सुटणे, पाण्याची रांग यांविषयी एखादी मुलगी रंगमंचावर उभी राहून बोलते, तेव्हा तिच्या आत्मप्रतिमेत होणारा बदल कोणत्याही रोजगाराच्या आकड्यात मोजता येणार नाही. या उपक्रमाचा उद्देश व्यवसायप्रवेश हा नव्हता. अभिव्यक्ती आणि आत्मसन्मान हा होता. म्हणून व्यवसायाच्या निकषावर त्याला अपयशी ठरविणे अन्यायाचे होईल.

प्रश्न वेगळ्या ठिकाणी आहे. अशा उपक्रमातून गेलेल्या काही मुलांच्या मनात 'हेच आपण आयुष्यभर करावे' अशी इच्छा उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. ती इच्छा जागविण्याचे श्रेय उपक्रमाला जाते, तर तिच्या पुढील वाटेची काळजी कोणी घ्यावयाची? ही जबाबदारी एका संस्थेवर टाकता येत नाही हे खरे. परंतु तिच्यापुढे कोणतीच संस्था उभी नसते हेही तितकेच खरे आहे. ठाण्याच्या रंगमंचापाशी एक टप्पा संपतो आणि वर्सोव्याच्या ऑडिशनपाशी दुसरा सुरू होतो. मधल्या टप्प्याला धनी नाही.

वर्सोवा : प्रवेशाच्या चाळण्या

हा मधला टप्पा कशाचा बनलेला आहे हे नेमकेपणाने पाहणे आवश्यक आहे. त्यात चार चाळण्या स्पष्टपणे वेगळ्या करता येतात.

पहिली चाळणी काळाची. ऑडिशन देणे, निवड होणे, चित्रीकरण होणे आणि मानधन हाती पडणे यांत मोठे अंतर असते. दूरचित्रवाणी मालिकांच्या क्षेत्रात कामानंतर सुमारे ९० दिवसांनी मानधन देण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. २०२० च्या टाळेबंदीत हा कालावधी ३० दिवसांवर आणावा अशी मागणी कलावंतांच्या संघटनेने केली, ती याच कारणाने. ज्याच्या घरून दरमहा पैसे येऊ शकतात त्याला हा काळ गैरसोयीचा असतो. ज्याला घरी पैसे पाठवावयाचे असतात त्याला तो अशक्य असतो. वर्सोवा-अंधेरी भागात एका खोलीत अनेकांनी राहून भाडे वाटून घेण्याची जी पद्धत आहे तिचे मूळ येथे आहे. आणि मुलींना हा मार्गही सहज खुला नसतो. शासनाने अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून राबविलेल्या स्वाधार योजनेने निवास व भोजनाच्या खर्चाचा भार हलका केला, ही उल्लेखनीय बाब आहे. परंतु अशा प्रत्येक योजनेचा आधार शिक्षणाबरोबर संपतो आणि कलाव्यवसायातील प्रतीक्षेचा काळ नेमका पदवीनंतर सुरू होतो.

दुसरी चाळणी भाषेची. हिंदी चित्रपट आणि मालिका यांच्या संहिता अनेकदा रोमन लिपीत फिरतात. संवाद हिंदीचे, लिपी इंग्रजीची. चर्चा, बैठका आणि पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. मराठी माध्यमात, जिल्हा परिषदेच्या वा महापालिकेच्या शाळेत शिकलेल्या तरुणाची उच्चारपद्धती 'दुरुस्त' करण्याचा आग्रह धरला जातो. मात्र त्याच उच्चाराची गरज भासली की ती नोकराच्या, गुंडाच्या वा विनोदी पात्राच्या भूमिकेपुरती भासते. भाषा ही येथे गुणवत्तेच्या नावाखाली वर्गाची ओळखपरेड घेते.

तिसरी चाळणी सदस्यत्वाची. चित्रपटव्यवसायातील बहुतेक कामे त्या त्या कारागिरांच्या संघटनांशी निगडित आहेत आणि संघटनेचे 'कार्ड' हा प्रवेशाचा परवाना ठरतो. कामगारांच्या हितरक्षणासाठी जन्मलेली ही व्यवस्था नवागतांना रोखणारी भिंत कशी होऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे चारू खुराणा विरुद्ध भारत सरकार हा खटला. चारू खुराणा या प्रशिक्षित रंगभूषाकार होत्या. तरीही स्त्रियांनी केशभूषा करावी, रंगभूषेचे कार्ड पुरुषांनाच मिळेल, असा मुंबईतील रंगभूषाकार संघटनेचा दंडक त्यांच्या आड आला. शिवाय महाराष्ट्रातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही होती. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध घटनाबाह्य ठरविले. या खटल्याचा आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थ असा की, अडथळा कौशल्याच्या अभावाचा नव्हता. कितीही कार्यशाळा घेतल्या असत्या तरी हे दार उघडले नसते. ते न्यायालयाला उघडावे लागले.

चौथी चाळणी कराराची. चित्रपट कर्मचाऱ्यांशी लेखी करार करण्याची तरतूद १९८१ च्या केंद्रीय कायद्यात करण्यात आली होती. त्याचा भर कथाचित्रपटांवर होता. पुढे कार्यस्थळाची सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत 'दृक्‌श्राव्य कर्मचारी' अशी अधिक व्यापक संज्ञा आली. २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. म्हणजे कायदा काही प्रमाणात कलावंताच्या बाजूने उभा आहे. परंतु ज्याला तो ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. वस्तीतील शिबिरांच्या पाठ्यक्रमात या तरतुदींना स्थान नसणे ही या उपक्रमांची सर्वांत सहज टाळता येण्याजोगी उणीव आहे.

वेसावे : शेजार आणि मालकी

प्रवेशाचा प्रश्न बाहेरगावाहून येणाऱ्यांपुरता मर्यादित असता तर तो अंतराचा किंवा स्थलांतराचा प्रश्न म्हणता आला असता. परंतु वर्सोव्याचा मूळ रहिवासी असलेला कोळी समाज या व्यवसायाच्या सख्ख्या शेजारी राहतो. खाडी ओलांडून मढच्या बंगल्यांत चित्रीकरणासाठी जाणारे कलावंत व तंत्रज्ञ येथील धक्क्यावरूनच जातात. होड्या, वाळत घातलेली मासळी, नऊवारीतील कोळिणी ही दृश्ये चित्रपटांनी मुबलक वापरली. शेजार इतका निकटचा असूनही कोळी माणूस पडद्यावर मुख्यतः पार्श्वभूमी म्हणून आला, ही बाब भौगोलिक सान्निध्य आणि व्यावसायिक प्रवेश यांत किती फरक आहे हे दाखविते.

कोळीगीतांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मराठी मनात सर्वांत खोल रुजलेल्या कोळीगीतांपैकी 'मी डोलकर' हे गीत शान्ता शेळके यांनी लिहिले, हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केले आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायिले. या कलाकृतीचे मोल निर्विवाद आहे आणि लोकजीवनाचे चित्रण त्या समाजाबाहेरील कवीने करू नये असे म्हणणे वाङ्मयीन दृष्ट्या असमर्थनीय ठरेल. तरी कोळी जीवनाचे गाणे महाराष्ट्रभर गाजत असताना ते लिहिणाऱ्या, गाणाऱ्या व ध्वनिमुद्रित करणाऱ्या साखळीत कोळी माणूस कोठे होता, हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचे एक उत्तर वर्सोव्यानेच दिले. काशीराम चिंचय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'वेसावकर आणि मंडळी' या समूहाने ध्वनिफितींच्या काळात कोळीगीतांची स्वतंत्र बाजारपेठ निर्माण केली. 'वेसावची पारू'सारखी गीते लग्नांच्या हळदीपासून गणेशोत्सवाच्या मिरवणुकीपर्यंत सर्वत्र पोहोचली. येथे कोणी बाहेरून येऊन शिबिर घेतले नव्हते. शब्द, चाल, बोली, नृत्य आणि श्रोतृवर्ग समाजातलाच होता. म्हणून पहिल्या ध्वनिफितीनंतर दुसरी निघू शकली. समाजाने स्वतः चालविलेला उद्योग आणि समाजासाठी चालविलेला उपक्रम यांतील भेद या उदाहरणातून स्पष्ट होतो. पहिल्यात कलावंत पुढील कामाचा निर्णय काही अंशी स्वतः घेतो. दुसऱ्यात तो पुढील निवडीची वाट पाहतो.

दिशादर्शक उदाहरणे

व्यवसायात टिकण्याचा मार्ग अगदीच अज्ञात आहे असे नाही. करमाळा तालुक्यातील जेऊर येथून, वडार समाजातून आलेले नागराज मंजुळे यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजमध्ये संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेतले. त्या काळात अभ्यासाचा भाग म्हणून घडलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मुंबई-पुण्याबाहेरील एका महाविद्यालयाच्या विभागाने साधने, वेळ आणि स्वतःची गोष्ट सांगण्याची मुभा दिली, एवढेच येथे घडले. आणि ते पुरेसे ठरले. महाविद्यालयीन अध्यापकांनी या उदाहरणाकडे अभिमानापेक्षा आत्मपरीक्षणाच्या दृष्टीने पाहणे उचित होईल.

मंजुळे यांच्या कार्याचे दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. 'पिस्तुल्या'तील सूरज पवार 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) मध्येही दिसतात. 'सैराट'मधील रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर यांना 'झुंड' (२०२२) मध्ये पुन्हा भूमिका मिळतात. नवख्या कलावंताला एकदा निवडून सोडून न देता पुढील निर्मितीत सामावून घेण्याची ही रीत म्हणजे दुसऱ्या कामाची तजवीज होय. ती शक्य होते याचे कारण निर्णयाचे अधिकार अशा व्यक्तीच्या हाती आहेत जिने हा उंबरठा स्वतः ओलांडला आहे. अर्थात एका दिग्दर्शकाच्या सद्‌भावावर व्यवस्था उभी राहू शकत नाही, ही त्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे.

तिसरा मार्ग समव्यावसायिकांच्या संघटनेचा. २०१७ मध्ये भारतातील स्त्री-छायाचित्रणकारांनी इंडियन वुमन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्ह ही संघटना स्थापन केली. यातील सदस्य प्रशिक्षित होत्या. उणीव होती ती परस्परांच्या कामाची माहिती, शिफारस आणि एकत्रित उपस्थिती यांची. 'स्त्री-छायाचित्रणकार मिळत नाहीत' या सबबीला नावांच्या यादीने उत्तर देता येते, हे या प्रयत्नाने दाखविले.

या संदर्भात अमेरिकेतील अनुभव तपासण्यासारखा आहे. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९७४ मध्ये स्त्रियांसाठी दिग्दर्शन-कार्यशाळा सुरू केली. तिच्या पहिल्या तुकडीत माया अँजेलू यांचा समावेश होता. कार्यशाळा दर्जेदार होती आणि दीर्घकाळ चालली. तरीही चार दशकांनंतर, २०१५ मध्ये, स्त्री-दिग्दर्शकांना काम देताना होणाऱ्या भेदभावाची चौकशी व्हावी, अशी मागणी तेथील नागरी हक्क संघटनेला सरकारी यंत्रणांकडे करावी लागली. प्रशिक्षणाने उमेदवार घडतात. काम देणाऱ्याची सवय त्याने आपोआप बदलत नाही. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ पासून देशभर अल्पमुदतीचे अभ्यासक्रम नेले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु अशा अभ्यासक्रमांच्या संख्येवरून प्रगती मोजण्यापूर्वी अमेरिकेतील हा अनुभव स्मरणात ठेवावा लागेल.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. वंचित समूहांसाठीच्या कलाउपक्रमांनी प्रतिभेच्या अस्तित्वाविषयीचा वाद जवळजवळ संपविला आहे, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु त्यांचे मूल्यमापन अद्याप सहभागींची संख्या, प्रयोगांची संख्या आणि समारोपाची छायाचित्रे यांवर अवलंबून आहे. त्याऐवजी उपक्रमातून गेलेली व्यक्ती तीन आणि पाच वर्षांनी त्या क्षेत्रात आहे काय, तिला दुसरे काम मिळाले काय, ते कोणत्या करारावर मिळाले, असे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. या प्रश्नांची उत्तरे गैरसोयीची असतील; पण त्यांच्यावाचून पुढील उपक्रमाची आखणी अनुभवशून्य राहील.

दुसरे असे की, अभिनयाइतकेच लेखन, ध्वनी, संकलन, प्रकाशयोजना आणि निर्मिती-व्यवस्थापन या पडद्यामागील कामांकडे उपक्रमांनी वळावे. पडद्यावरील चेहरा निवडला जातो. पडद्यामागील कसब असलेला माणूस पुन्हा पुन्हा बोलावला जातो. त्याबरोबर करार, स्वामित्वधन, संघटनेचे सदस्यत्व आणि थकीत मानधनाची तक्रार या गोष्टी पाठ्यक्रमाचा अविभाज्य भाग व्हाव्यात. शासनाच्या शिष्यवृत्ती व निर्वाह योजनांनी पदवीनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांचा विचार करावा, ही अपेक्षाही अवास्तव नाही.

शेवटचा मुद्दा महाविद्यालयांचा. पुरुषोत्तम करंडकासारख्या १९६३ पासून चालत आलेल्या एकांकिका स्पर्धांनी आणि विद्यापीठांच्या युवक महोत्सवांनी मराठी रंगभूमीला व चित्रपटाला अनेक कलावंत दिले. वस्तीतून, पाड्यावरून, कोळीवाड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला प्रेक्षागृहाचे पहिले दर्शन अनेकदा महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागातच होते. करंडक जिंकला की त्याचे छायाचित्र नियतकालिकात येते आणि पुढच्या वर्षी नवा संच उभा राहतो. मागील वर्षीचा तो विद्यार्थी मात्र वर्सोव्याच्या एखाद्या सामायिक खोलीत रोमन लिपीतील संहिता हाती घेऊन बसलेला असतो. त्याला तेथवर जाण्याची उमेद महाविद्यालयाने दिली. त्याच्या हाती आलेला पहिला करार वाचून पाहणारे एखादे जाणते माणूसही महाविद्यालयाने त्याच्यामागे उभे करावे, ही मागणी मोठी नाही. आणि ती पूर्ण करण्यास स्वतंत्र निधीचीही गरज नाही.